खोटं तोंड

१

रविवारी चर्च सुटलं की ओबरतालमधले निम्मे म्हातारे घरी जेवायला जात आणि उरलेले निम्मे गावामागच्या खोऱ्यात, नेमबाज मंडळाच्या शेडकडे वळत. ओर्लो केगी या दुसऱ्या निम्म्यातला. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात त्याने उभं आयुष्य चीज करण्यात घालवलं होतं. चीज करणाऱ्याला घाई करून चालत नाही आणि गबाळेपणा तर मुळीच परवडत नाही. निवृत्त झाल्यावर दुधाच्या कढया सुटल्या, शिस्त मात्र सुटली नाही. ती सगळी त्याने आपल्या रायफलींकडे वळवली.

त्याच्या तळघरात जुन्या घाटाच्या एकबारी रायफली ओळीने उभ्या होत्या. लांब जड नळ्या, अक्रोडाचे दस्ते, खाली ओढली की मागचं दार उघडणारी पोलादी तरफ. एका वेळी एकच बार. तो उडवला की पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं. काडतुसाची पितळी नळीसुद्धा दिवसभर एकच, तीच पुन्हा पुन्हा भरायची. एवढा खटाटोप करून दोनशे यार्डांवरच्या काळ्या ठिपक्यात एक भोक पाडायचं. यात काय मजा आहे हे ज्याला सांगावं लागतं त्याला ते कधी कळत नाही, असं ओर्लोचं मत होतं.

बार भरायची त्याची रीत ठरलेली. शेडमध्ये उजव्या हाताला बाक, डाव्या हाताला लाकडी कठडा, मधल्या खाचेत रायफल उभी करायची, नळी आकाशाकडे. नळीच्या टोकावर खोटं तोंड बसवायचं. खोटं तोंड म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. नळी घडवतानाच तिच्या टोकाचा कापून ठेवलेला. त्यातून गोळी आत सारली की तिची कड दुखावत नाही. गोळी आत गेली की तोंड उपटून काढायचं, बाकावर बनातीच्या तुकड्यावर आडवं ठेवायचं, मग पितळी नळीत बंदुकीची दारू भरायची, ती मागच्या दारातून आत घालायची आणि नेम धरायच्या रेषेवर उभं राहायचं.

तोंड काढायचं राहिलं, तर गोळीबरोबर तेही उडून समोरच्या कुरणात जातं. एका रायफलीचं तोंड दुसरीला बसत नाही, त्यामुळे ते हरवलं की रायफल भिंतीवर टांगण्यापुरतीच उरते. म्हणून पूर्वीच्या कारागिरांनी खोट्या तोंडावर एक उभी पट्टी ठेवलेली असे. ती बरोबर नेमाच्या आड येते, म्हणजे विसरायची सोयच नको.

"लग्नाचा वाढदिवस विसरशील," मार्लीस नवऱ्याला म्हणायची, "पण तुझ्या त्या रीतीतलं एक पाऊल विसरणार नाहीस."

जूनपर्यंत ती हे चेष्टेने म्हणत असे.

२

जूनमध्ये ओर्लो विसरला.

त्याच्या सर्वांत लाडक्या रायफलीच्या तोंडावरची पट्टी जुनी होऊन कधीच गळून पडली होती. डेल्मर रुफ शेजारी उभा राहून मेव्हण्याच्या डुकराची गोष्ट सांगत होता. डेल्मर म्हणजे ओर्लोचा शाळेपासूनचा मित्र आणि मंडळाचा रेंजमास्तर. गोष्ट रंगात आली होती, ओर्लो हसत हसत रेषेवर गेला, नेम धरला आणि चाप ओढला. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला. मग शेडमध्ये हशा पिकला.

मंडळात याला ठरलेली शिक्षा होती. गळ्यात दुधाचं पत्र्याचं नरसाळं अडकवायचं आणि सूर्य मावळेपर्यंत सगळ्यांना कॉफी नेऊन द्यायची. ओर्लोने स्वतः अनेकांच्या गळ्यात ते नरसाळं घातलं होतं. त्या दिवशी त्याने ते मुकाट्याने घातलं, सगळ्यांबरोबर कुरणभर तोंड शोधलं, ते गाईने गिळलं असेल या विनोदावरही हसला. घरी आल्यावर मात्र जेवला नाही.

त्याचे वडील असेच सुरू झाले होते. आधी हातातली वस्तू विसरले, मग रस्ता. शेवटी शेवटी ते स्वतःच्या घराच्या दारावर टकटक करून, "इथे कोण राहतं हो?" असं आतल्या माणसांना विचारत. दार उघडणारा बहुतेक वेळा ओर्लोच असे.

आठवडाभराने डेल्मरने त्याला गाडीपाशी गाठलं. खाली मान घालून म्हणाला, "एकदा कुणाच्याही हातून होतं. पण पुन्हा झालं तर मला तुला रेषेवर उभं राहू देता येणार नाही, ओर्लो. माझा भाऊ असता तरी हेच सांगितलं असतं."

"सांगायलाच हवं," ओर्लो म्हणाला. त्याला रायफलीचं एवढं वाटलं नाही. डेल्मरने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, त्याचं वाटलं.

३

नवी रायफल ऑगस्टमध्ये आली. नदीपलीकडच्या लूएला आबेग्लेनचे वडील, व्हर्जिल, वारले होते. तिकडचं नेमबाज मंडळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि लूएलाला शस्त्रांचं काही कळत नव्हतं. रायफल चांगल्या हातात पडावी एवढीच तिची इच्छा. ओर्लोने ती हातात घेतली आणि जूनपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा फुलला. नळी आरशासारखी. खोटं तोंडही मूळचंच, नळीच्या टोकात बसणाऱ्या त्याच्या चारही खुंट्या शाबूत.

फक्त तोंडावरची पट्टी नव्हती. तुटलेली नव्हती, कुणीतरी कानशीने घासून अगदी सपाट केली होती. पट्टी बसवून घेतलेली माणसं ओर्लोने पाहिली होती, मुद्दाम काढून टाकणारा कुणी पाहिला नव्हता. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण इतकी देखणी वस्तू हातात असताना पालीकडे कोण लक्ष देतो?

पहिल्या रविवारी त्याने मुद्दाम सावकाश काम केलं. तोंड बसवलं, गोळी सारली, बाकाकडे वळून पितळी नळी भरली, मागचं दार बंद केलं, रेषेवर गेला, बार उडवला. ठिपक्याच्या अगदी मधोमध भोक पडलं. आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. तोंड काढल्याचं त्याला आठवत नव्हतं.

उजवीकडे बनातीचा तुकडा रिकामा होता.

त्याने खिसे चाचपले, बाकाखाली पाहिलं. कुरणाकडे पाहायची त्याची छाती होईना. मग सहज डावीकडे नजर गेली. खोटं तोंड कठड्यावर होतं. आडवं नव्हे, उभं. नीट, खुंट्या वर करून, कुणी फुलदाणी ठेवावी तसं.

त्याने ते उचललं. खोऱ्यात गार वारा होता, कठडाही गार होता. तोंड कोमट लागलं.

४

बुद्धीला पटेल असं एकच उत्तर होतं: आपणच काढलं, डावीकडे ठेवलं आणि विसरलो. नेमकं हेच उत्तर ओर्लोला नको होतं.

पुढच्या रविवारी तेच झालं, त्याच्या पुढच्या रविवारीही. तो स्वतःला बजावायचा, आता लक्ष ठेवायचं. पण दारू भरताना नजर बाकावर ठेवावीच लागते. तेवढ्यात मागे बारीक आवाज यायचा, टक्, लोखंडावरून लोखंड निसटावं तसा. वळून पाहावं तर नळी उघडी आणि तोंड डाव्या कठड्यावर उभं. बाकीचे आपापल्या कामात. डेल्मर एकदा जवळून गेला, कठड्यावर नजर टाकली आणि समाधानाने मान हलवून पुढे गेला. त्याच्या दृष्टीने ओर्लो सुधारला होता.

ओर्लोला अजून एक गोष्ट जाणवू लागली, ती त्याने कुणालाच सांगितली नाही. रेषेवर उभं राहून नेम धरला की काळा ठिपका क्षणभर अंधूक व्हायचा. डोळ्यांत पाणी आल्यासारखा नव्हे. नळीच्या टोकापाशी असलेलं कुणीतरी घाईने बाजूला सरावं तसा. मग सगळं लख्ख दिसायचं आणि बार मनासारखा लागायचा.

सप्टेंबरात एका दुपारी तो तळघरात रायफलीला तेल लावत होता. तोंड नळीवर बसवून त्याने कापसाचा बोळा घ्यायला फडताळाचं दार उघडलं. टक्. तो तसाच उभा राहिला. वर स्वयंपाकघरात मार्लीस कांदे चिरत होती, तिच्या सुरीचा आवाज एका लयीत येत होता. तळघरात दुसरं कुणी नव्हतं. तरीही आपण वळलो तर कुणाची तरी गैरसोय होईल, असं काहीतरी विचित्र त्याला वाटलं. तो वळला तेव्हा तोंड टेबलाच्या डाव्या कडेला उभं होतं आणि त्याचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. तोंडावर तेलाचा एक ठसाही नव्हता.

"हात धुतले असतील मी मध्येच," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला वडिलांच्या आवाजासारखा वाटला.

त्या दिवसापासून तो ताटातलं अर्धं टाकू लागला.  मार्लीसने डॉक्टरची वेळ ठरवली आणि गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

५

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला शब्द सांगून परत विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. ओर्लोने सगळं केलं, वर घड्याळात सेकंदकाटाही काढला. बाई हसल्या. म्हणाल्या, "केगीसाहेब, वयाच्या मानाने चांगलं, असं मला म्हणायचं नाहीये. कुणाच्याही मानाने उत्तम आहे. जूनमध्ये तुमचं लक्ष डुकरात होतं, बस्स."

ओर्लोच्या जिवात जीव आला. गाडीत तो शीळ घालत होता. घरी जाताना मार्लीससाठी बेकरीतून बदामाचं वेटोळं घ्यायचं, डेल्मरला सगळं सांगायचं, असे बेत चालले होते. जुन्या गिरणीच्या पुलावर त्याची शीळ थांबली. त्याने गाडी बाजूला घेतली.

डोकं ठिकाणावर असेल, तर तोंड कोण काढतं?

इतके दिवस भीती निदान ओळखीची होती. तिला नाव होतं, वडिलांचा चेहरा होता. आता ही जी मानेवरून खाली उतरली तिला काहीच नव्हतं.  मग घरी न जाता पूल ओलांडून लूएलाकडे गेला.

लूएला अंगणात सफरचंदं निवडत होती. त्याने आडवळणाने पट्टीचा विषय काढला. ती पट्टी बाबांनीच घासून टाकली, ती म्हणाली. "आई त्यांच्या डावीकडे उभी असायची ना. बाबांनी गोळी भरायची, तोंड आईने काढायचं. लग्न झाल्यापासून. बाबा म्हणायचे, हेटी असताना पट्टीची गरज काय?"

"आणि आई गेल्यावर?"

"आई आधी गेली, बरीच आधी. बाबा मग एकटेच जायचे." तिने एक डागाळलेलं सफरचंद बाजूला ठेवलं. "पण डावीकडच्या कठड्यावर कुणाला कॉफीचा पेलासुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. भांडायचे त्यावरून. म्हातारपण, दुसरं काय."

ओर्लोने होकारार्थी मान हलवली. रायफल परत घेशील का, हे विचारायला तो आला होता. ते विचारायचं राहूनच गेलं.

६

त्याने मार्लीसला सगळं सांगितलं. ती ऐकत असताना दोनदा उठली, उगाचच भांडी जागेवर लावली. शेवटी म्हणाली, "तू सांगतोस म्हणून मी हे खरं मानणार नाही, आणि तू म्हातारा झालास म्हणून खोटंही मानणार नाही. मी येते बघायला."

ऑक्टोबर उजाडला होता. सकाळी कुरणावर दव गोठलेलं. शेडमध्ये दोघांशिवाय कुणी नव्हतं. ओर्लोने दारूला हातच लावला नाही. रायफल खाचेत उभी केली, तोंड बसवलं, गोळी सारली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"माझ्या हातांवर नजर ठेव," तो म्हणाला.

मार्लीसने नजर ठेवली. काहीच झालं नाही. खोऱ्यातून एक ट्रक घरघरत गेला. दूर कुठेतरी गाय हंबरली. थंडीने दोघांच्याही तोंडातून वाफा निघत होत्या आणि खोटं तोंड नळीवर घट्ट बसलेलं होतं.  म्हणजे सगळं आपल्याच डोक्यात होतं. डॉक्टरीणबाई चुकल्या होत्या आणि पुढे एक दिवस आपल्याच दारावर टकटक करायची होती. त्याला रडू येईल असं वाटलं.

मार्लीसने त्याची बाही धरली. "ओर्लो," ती अगदी हळू म्हणाली, "श्वास रोख."

"काय?"

"रोख."

त्याने श्वास रोखला. तिनेही रोखला. समोरची हवा स्वच्छ झाली. आणि रायफलीच्या डाव्या अंगाला, मार्लीसच्या खांद्याएवढ्या उंचीवर, हवेत एक लहानशी पांढरी वाफ उमटली आणि विरली. थोड्या वेळाने पुन्हा एक. शांत, एका लयीत, बराच वेळ उभं राहायची सवय असलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

पापणी लवली तेवढ्यात आवाज आला. टक्.

तोंड हललेलं दोघांनीही पाहिलं नाही. ते कठड्यावर उभं होतं आणि त्याच्या बुडाभोवतीचं गोठलेलं दव हळूहळू वितळत होतं.

ओर्लोने श्वास सोडला. मग तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "मी नाही," तो म्हणाला. "मार्लीस, मी नव्हतोच. माझे हात खिशात होते."

"खिशातच होते," मार्लीस म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुला याचा आनंद होतोय?"

"तुला कल्पना नाही किती."

गाडीत बसल्यावर मार्लीसने चारही दारं आतून लावली.  गाव आल्यावर ती म्हणाली, "मला त्या बाईची भीती वाटली. अजून वाटतेय. पण ती का जात नाही ते मला कळलं. नवऱ्याने पट्टी घासून टाकली, आता तिने जायचं तरी कसं? ती हलली की पुढचा माणूस विसरणार."

ओर्लोने गाडीचा वेग कमी केला.

"शेवटच्या सामन्याला मी तुझ्याबरोबर उभी राहीन," मार्लीस म्हणाली. "डावीकडे."

७

हंगामाचा शेवटचा सामना झाला की मंडळाची शेड वसंतापर्यंत बंद होत असे. त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. सॉसेज भाजण्याचा धूर खोऱ्यात भरला होता. इतक्या वर्षांत मार्लीस कधी सामन्याला शेडच्या आत आली नव्हती, त्यामुळे ती ओर्लोच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली तेव्हा डेल्मरने भुवया उंचावल्या.

"पहारा का?" त्याने विचारलं.

"मदत," मार्लीस म्हणाली.

ओर्लोने तोंड बसवलं, गोळी सारली. मग तो बाकाकडे वळला नाही. हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहत राहिला. मार्लीसने हातमोजा काढला.  तिने हात नळीच्या टोकाकडे नेला, तळवा वर करून, आणि वीतभर अंतरावर थांबली, कारण तिला पुढे नेववेना.

टक्.

तिच्या तळहातावर वजन पडलं. ओर्लोने तिचा चेहरा पाहिला. दचकलेला होता, मग हळूहळू सैल होत गेलेला. तिने मूठ मिटली. काही क्षण ती तशीच उभी राहिली, दारातून कुणाला वाट करून देताना उभं राहावं तशी थोडी बाजूला सरून. मग तिने तोंड कठड्यावर ठेवलं. उभं, खुंट्या वर करून. तसं ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"गेली," ती म्हणाली.

ओर्लोने बार भरला, रेषेवर जाऊन नेम धरला. ठिपका अंधूक झाला नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लख्ख होता, आणि बार मात्र चांगलाच उजवीकडे गेला. असा खराब बार मारून इतका खूश झालेला माणूस डेल्मरने पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक बाराला मार्लीसने तोंड स्वतः उपटून काढलं. ते भलतंच घट्ट बसत असे. एकदा तर तिला दोन्ही हात लावावे लागले आणि शेजारच्या बाकावरचे हसले. ओर्लो त्या दिवशी कुठल्याच बक्षिसाच्या जवळपास नव्हता. घरी निघताना त्याने दोन सॉसेज खाल्ली, तिसरं कागदात बांधून घेतलं. जूनपासून त्याला इतकी भूक लागली नव्हती.

डेल्मर गाडीपर्यंत पोचवायला आला. पेटीतलं खोटं तोंड हातात घेऊन त्याने घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "आता हिवाळाभर वेळ आहे," तो म्हणाला. "एक पट्टी तेवढी बसवून घे. मलाही शांत झोप लागेल."

"पट्टी कशाला?" ओर्लो मजेत म्हणाला. "मार्लीस असताना तिची गरज काय?"

डेल्मर हसला. मार्लीस हसली नाही. तिने डेल्मरच्या हातातून तोंड घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि पेटीत न ठेवता आपल्या पर्समध्ये टाकलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ती बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या दारात जाऊन उभी होती. तो कुलूप काढत असतानाच तिने रुमाल उलगडून त्याच्यासमोर धरला.

"यावर पट्टी बसवून द्या," ती म्हणाली. "चांगली उंच, आणि कधी निघणार नाही अशी. मेल्यावर मला घरी बसायचंय."